विजेची शाई

शाई हा शब्द मूळचा फारशी. ‘सियाही’ म्हणजे काळेपणा. त्यावरून आपली शाई झाली. संस्कृतांत तिला मषी म्हणत, आणि तीही काजळाचीच असल्यामुळें काळी. पुढें तांबडी शाई आली, निळी आली; परंतु ‘तांबडा काळेपणा’ असा विसंगत अर्थ आपण रोज उच्चारतों हें कोणाच्या ध्यानींही आलें नाहीं. शब्दांचें असेंच असतें. वस्तु बदलते, नांव राहतें. आणि पुष्कळदां त्या जुन्या नांवाच्या आश्रयानेंच नवी वस्तु आपल्या घरांत शिरते. अशाच एका नव्या शाईविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवावे असें आम्हीं योजिलें आहे. ही शाई बहुधा रुप्याची असते. ती कागदावर नव्हे, तर भाजलेल्या मातीवर उमटवितात. आणि ती वाचण्यास डोळे लागत नाहींत, वीज लागते.

हा विषय आमच्या घरीं आला तो ज्ञानाच्या वाटेनें आला नाहीं, वादाच्या वाटेनें आला. आमचें कुटुंब अद्याप एकत्र आहे. थोरले बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, ते घरांतील कर्ते. त्यांचा मधला मुलगा सहा वर्षांपूर्वीं वारला. त्याची मुलगी गेल्या वर्षीं रसायनशास्त्र घेऊन एम्. एस्सी. झाली. एका संगणकाच्या कंपनीनें तिला भरघोस वेतनाची जागा देऊं केली. त्याच आठवड्यांत एका संशोधनसंस्थेचें पत्र आलें कीं, सिरॅमिकवर विजेचीं मंडलें छापण्याची शाई तयार करण्याच्या कामावर तीन वर्षांची शिष्यवृत्ति मिळेल. शिष्यवृत्तीची रक्कम त्या वेतनाच्या निम्म्याहूनही कमी. मुलीनें हें दुसरें पत्र स्वीकारावयाचें ठरविलें, आणि घरांत आठ दिवस कोणी मोकळेपणानें जेवलें नाहीं.

दादांचा राग केवळ पैशाचा नव्हता. पैशाचा नव्हताच असें म्हणणेंही खरें होणार नाहीं. घराच्या कर्जाचे हप्ते अजून सात वर्षें चालावयाचे आहेत, आणि मुलीच्या आईचें वेतन बेताचें. परंतु त्यांच्या तोंडून जें वाक्य निघालें तें हप्त्यांविषयीं नव्हतें. ते म्हणाले, “आपल्या घराण्याच्या चार पिढ्या लेखणीवर जगल्या. तूं एवढी शिकलीस ती काय माती कालवून भट्टीशीं बसावयाला?” मुलगी खालीं पाहून उभी राहिली. मग दादा आमच्याकडे वळून म्हणाले, “तूं मास्तर आहेस. तूं हें काय आहे तें समजून घे, आणि मग तिला समजावून सांग.” ह्यांतील पहिली आज्ञा आम्हीं पाळली. दुसरी पाळण्याची वेळ कां आली नाहीं, तें ओघानें पुढें येईलच.

आमचें शिक्षण जुन्या अकरावीपलीकडे नाहीं. लहानपणीं पाठशाळेंत संस्कृत झालें, पुढें शिक्षकी पत्करली, आणि सारा जन्म शब्द व धातु चालविण्यांत गेला. तेही व्याकरणांतले धातु, भट्टींतले नव्हेत. तेव्हां विज्ञानाची गोष्ट आमच्या डोक्यांत शिरावयाची तर तिला एखाद्या ओळखीच्या वस्तूचा हात धरूनच यावें लागतें. नातीनें तिला शाईचाच हात धरविला. तिनें आम्हांस प्रथम उलट प्रश्न केला, “धाकटे आजोबा, पूर्वीं घरीं शाई कशी करीत असत?”

वडिलांकडून ऐकलेलें आम्हांस ठाऊक होतें. दिव्यावर धरलेलें काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी ह्या तिहींचा खल करावयाचा, आणि तो जितका अधिक तितकी शाई चांगली. ह्या तिघांचीं कामें वेगवेगळीं. काजळाचें काम दिसणें. डिंकाचें काम कागदाला धरून राहणें. आणि पाण्याचें काम त्या दोघांस इच्छित स्थळीं पोंचवून आपण नाहींसें होणें. नात म्हणाली, “झालें तर. आमच्या शाईंतही हींच तीन माणसें आहेत; नांवें तेवढीं निराळीं.”

तिच्या शाईंत काजळाच्या जागीं रुप्याची पूड असते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. असे एकदोन मायक्रॉन व्यासाचे हे कण असतात. रुपेंच कां, तर सर्व धातूंत विजेला सर्वांत मोकळी वाट रुपेंच देतें. डिंकाच्या जागीं कांचेची बारीक पूड असते. पाण्याच्या जागीं टर्पिनिऑल नांवाचा, चीडच्या झाडापासून निघणाऱ्या तेलाच्या जातीचा एक द्रव असतो, आणि त्याला दाटपणा यावा म्हणून त्यांत इथाइल सेल्युलोज विरघळविलेलें असतें. कापसांत व लाकडांत जें सेल्युलोज असतें त्याचेंच हें एक रूपांतर. ह्या तिहींचा एकजीव होईपर्यंत खल करावयाचा. तेंही आतां यंत्रानें होतें, एकमेकांस घांसून फिरणाऱ्या तीन रुळांमधून तो लगदा पुनःपुन्हां काढतात. परंतु काम खलाचेंच. रुपें वाहतें, कांच धरते, आणि द्रव पोंचवून नाहींसा होतो. कारखान्यांतील लोक ह्या लगद्यास ‘पेस्ट’ म्हणतात. आमच्या नातीला मात्र शाई हाच शब्द आवडतो.

आतां ही शाई लिहावयाची कशासाठीं? वीज जेथून निघाली तेथें तिला परत यावें लागतें. म्हणून तिच्या वाटेला मंडल म्हणतात. हल्लींच्या पाठ्यपुस्तकांत परिपथ असा शब्द आहे. लोक सरळ सर्किट म्हणतात. ज्यांनीं जुना व्हॉल्वचा रेडिओ उघडून पाहिला असेल त्यांस आंतील तारांचें जंजाळ आठवत असेल. प्रत्येक तार हातानें कापून, हातानें वळवून, हातानें डाग देऊन बसविलेली असे. एक तार चुकली कीं यंत्र मुकें. ह्या तारांऐवजीं त्यांच्या वाटाच एकदम छापतां आल्या तर? ग्रंथ नकलून काढणाऱ्या लेखकाच्या जागीं छापखाना यावा, तसाच हा पालट आहे.

ही कल्पना मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षांत आली ती युद्धाच्या निकडीनें. दुसऱ्या महायुद्धांत लक्ष्याजवळ येतांच आपण होऊन फुटणारा गोळा करण्याचे प्रयत्न चालले होते. अशा गोळ्याच्या तोंडाशीं एक लहानसें रेडिओयंत्र बसवावें लागे. उखळी तोफेच्या लहान गोळ्यांत तारांच्या यंत्राला जागा पुरेना, आणि तोफेचा धक्काही त्याला सोसला पाहिजे. तेव्हां अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स ह्या सरकारी संस्थेनें आणि मिलवॉकी येथील ग्लोब-युनियन कंपनीच्या सेंट्रालॅब शाखेनें शंखजिऱ्याच्या जातीच्या दगडापासून केलेल्या सिरॅमिकच्या पातळ चकतीवर, रेशमी जाळीतून, रुप्याची शाई उमटवून १९४५ च्या सुमारास हीं मंडलें तयार केलीं. युद्ध संपल्यावर १९४७ सालीं त्या सरकारी संस्थेनें क्लेडो ब्रुनेटी व रॉजर कर्टिस ह्यांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि मंडलें छापण्याच्या सर्व रीती लोकांपुढें मांडल्या. जी विद्या गोळा फोडण्यासाठीं जन्मली, तीच पुढें बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रांत आणि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या यंत्रांत कामास आली. विद्येचा दोष नसतो, विनियोगाचा असतो, हें आम्ही वर्गांत नेहमीं सांगत असूं. त्याला इतकें जवळचें उदाहरण आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें.

पुढें ७ एप्रिल १९६४ रोजीं आय. बी. एम्. कंपनीनें सिस्टिम/३६० ह्या नांवाची संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या पोटांत अर्ध्या इंचाच्या सुमाराचे सिरॅमिकचे चौकोनी तुकडे होते, आणि त्यांवर विजेच्या वाटा व रोधक ह्याच पद्धतीनें छापलेले होते. म्हणजे ज्या संगणकाच्या नोकरीसाठीं घरांत वाद चालला होता, त्या संगणकाच्या पूर्वजांच्या अंगांतही मातीवरचीच शाई होती. हें दादांस सांगितलें तेव्हां ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले.

माती हा शब्द मात्र येथें जपून वापरला पाहिजे. हल्लीं अशा कामाला बहुधा अ‍ॅल्युमिना वापरतात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम व ऑक्सिजन ह्यांचें संयुग. त्याच्या पांढऱ्या, गुळगुळीत चकत्या सुमारें १६०० अंश सेल्सिअसवर भाजलेल्या असतात. हेंच द्रव्य निसर्गांत स्फटिकरूपानें सांपडतें. त्यांत क्रोमियमचा अंश आला कीं तें माणिक होतें, लोखंड व टायटॅनियम ह्यांचा अंश आला कीं नीलम होतें, आणि ओबडधोबड रूपांत राहिलें कीं धार लावण्याचा कुरुंद होतो. इंग्रजी कॉरंडम हा शब्द दक्षिणेंतील तमिळ कुरुंदम् ह्यावरून गेलेला आहे. संस्कृतांतील कुरुविंद हा त्याचाच सोयरा, आणि त्याचा अर्थ माणिक. सुरी परजणाऱ्याचा दगड, राजाच्या मुगुटांतील रत्न आणि मंडलाची पाटी हीं तिन्हीं एकाच गोत्राचीं आहेत. हें द्रव्य वीज आपल्यांतून जाऊं देत नाहीं. मात्र उष्णता बऱ्यापैकीं वाहून नेतें. ओलावा शोषीत नाहीं, आणि तापलें तरी वांकत नाहीं. विजेच्या मंडलाला ह्याहून चांगली पाटी क्वचितच मिळेल.

छापण्याची रीत ऐकून तर आम्हांस आमची शाळाच आठवली. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आम्ही सायक्लोस्टाइलवर काढीत असूं. मेणकागदावर अक्षरें कोरावयाचीं. जेथें मेण निघालें तेथूनच शाई झिरपावयाची. येथेंही तेंच. पोलादाच्या अतिसूक्ष्म तारांची ताणलेली जाळी असते. एका इंचांत दोनशें ते सव्वातीनशें तारा. जेथें छापावयाचें नाहीं तेथील छिद्रें एका लेपानें बुजवितात. वर शाई घालून रबरी पट्टी एकदां फिरविली कीं मोकळ्या छिद्रांतून ती खालच्या चकतीवर उतरते. ह्या शाईचा स्वभाव मोठा चमत्कारिक हवा. पट्टीनें रेटलें म्हणजे ती पातळ व्हावी, आणि पट्टी पुढें गेली कीं जागच्या जागीं थिजावी. वहिनींना हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, “म्हणजे श्रीखंडच कीं! डावानें ओढलें तर हलतें, नाहींतर बसून राहतें.” उपमा नातीला इतकी पटली कीं ती आपल्या मार्गदर्शक बाईंस सांगण्याचें तिनें तेथेंच ठरविलें.

छापल्यावर चकती कांहीं मिनिटें स्वस्थ ठेवतात, म्हणजे जाळीच्या तारांचे ठसे मिटून जातात. मग सुमारें १५० अंशांवर ती वाळवितात. ह्यानंतर अग्निदिव्य. भट्टींतून एक पट्टा संथपणें सरकत असतो. त्यावर ठेवलेली चकती हळूहळू तापत ८५० अंशांपर्यंत जाते, तेथें दहाएक मिनिटें राहते आणि तशीच हळूहळू निवत बाहेर येते. वाटेंत काय काय होतें पाहा. टर्पिनिऑल वाळवितांनाच बहुतेक उडून गेलेलें असतें. मागें राहिलेलें सेल्युलोज तीनशें ते पांचशें अंशांच्या दरम्यान जळून जातें. मग कांच मऊ होते आणि चकतीच्या अंगाला बिलगते. शेवटीं रुप्याचे कण एकमेकांस सांधले जातात. रुपें वितळतें ९६२ अंशांवर. भट्टी तेथवर जातच नाहीं. वितळल्याशिवायच, केवळ सान्निध्य व उष्णता ह्यांच्या योगानें, कणाची कणाशीं गांठ पडते. बाहेर येतें तेव्हां दहापंधरा मायक्रॉन जाडीची, केसाहूनही पुष्कळ पातळ, अशी रुप्याची रेघ चकतीला धरून बसलेली असते. ती पाण्यानें पुसली जात नाहीं, बोटानें खरवडली जात नाहीं.

सगळ्याच रेघांनीं वीज मुक्तपणें वाहून न्यावी असें नाहीं. कांहींनीं तिला अडवावेंही लागतें. त्यांस रोधक म्हणतात. त्यांच्या शाईंत रुप्याऐवजीं रुथेनियम नांवाच्या धातूचें ऑक्साइड घालतात. कांच अधिक तर अडथळा अधिक, ऑक्साइड अधिक तर अडथळा कमी. भट्टींतून अडथळा अगदीं मोजका येईल ह्याचा नेम नसतो. म्हणून तो मुद्दाम थोडा कमी ठेवतात, आणि मग लेसर किरणांनीं त्या रोधकाला बारीक खांच पाडीत पाडीत हवा तेवढा वाढवितात. जास्त झाला तर मात्र उपाय नाहीं. आमटींत मीठ घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हा न्याय ठाऊक आहे.

जुन्या शाईचे दोषही नव्या शाईंत उतरले आहेत. दमट कागदावर अक्षर फुटतें, हें पावसाळ्यांत वह्या तपासणाऱ्या कोणासही सांगावयास नको. रुप्याची रेघही फुटते. शेजारीं शेजारीं असलेल्या दोन रेघांत विजेचा दाब असला आणि त्यावर ओलावा साचला, तर एका रेघेंतील रुपें कणाकणानें निघून दुसरीकडे सरकूं लागतें, आणि मध्यें झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी वाढून दोन्ही वाटा एक होतात. मंडल बिघडतें. हें टाळण्यासाठीं रुप्यांत पॅलेडियम नांवाची महाग धातु मिसळतात. तिनें रुप्याचें हिंडणें आवरतें. पण शाईची वाहकता कमी होते आणि किंमत वाढते. तांबें स्वस्त आहे, परंतु हवेंत भाजलें तर तें काळें पडतें, हें कोणताही तांब्या चुलीवर चढविणाऱ्याला ठाऊक आहे. त्यासाठीं भट्टींत नायट्रोजन वायु भरावा लागतो. तो भरला तर सेल्युलोज जाळण्यास हवा पुरत नाहीं. एक दोष काढावा तों दुसरा उभा, अशी ही विद्या आहे. आणि नातीची शिष्यवृत्ति होती ती ह्याच गुंत्यांतील एक दोरा सोडविण्यासाठीं.

ह्याच विद्येची एक पुढची पायरी आहे. एका चकतीवर वाटा मावेनाशा झाल्या म्हणजे मजले चढवावे लागतात. न भाजलेल्या सिरॅमिकची, ओल्या पापडासारखी लवचिक अशी पातळ पट्टी करतात. तिला बारीक छिद्रें पाडून तीं शाईनें भरतात, वर रेघा छापतात, अशा अनेक पट्ट्या एकावर एक रचून दाबतात आणि सर्वांस एकदम भाजतात. मात्र निव्वळ अ‍ॅल्युमिना असला तर १६०० अंशांच्या भट्टींत रुपें वितळून जाईल. तेथें टंग्स्टन किंवा मॉलिब्डेनम ह्यांचीच शाई लागते. म्हणून सिरॅमिकमध्येंच पुष्कळशी कांच मिसळून तें ९०० अंशांच्या आंत पक्कें होईल अशी युक्ति काढली गेली. मग आंतल्या मजल्यांवरही रुपें चालतें. भाजतांना हें सर्व प्रत्येक बाजूस सुमारें १२ ते १५ टक्के आकसतें. म्हणून प्रत्येक रेघ आरंभींच तेवढी मोठी आंखावी लागते. ह्या जातीच्या सिरॅमिकवर व शाईंवर काम करणारी एक संस्था आपल्या पुण्यांतच पाषाण रस्त्यावर आहे. इलेक्ट्रॉनिकीला लागणाऱ्या द्रव्यांच्या संशोधनासाठीं भारत सरकारनें १९९० सालीं स्थापिलेली ती संस्था. लोक तिला सी-मेट म्हणतात. त्या रस्त्यानें आम्ही कितीदां गेलों असूं. आंत असें कांहीं चालत असेल हें मनांतही आलें नव्हतें.

ही शाई आपल्या घरांत नाहीं असें कोणीं समजूं नये. घराच्या छपरावर सौरपट्ट्या बसविल्या असतील तर त्यांवरील बारीक रुपेरी रेघा ह्याच घराण्यांतील शाईनें छापलेल्या आहेत. मोटारीच्या मागच्या कांचेवर दंव घालविणाऱ्या ज्या आडव्या रेघा असतात, त्याही तशाच भाजलेल्या. हातांतल्या मोबाइलमध्यें मोहरीएवढे किंवा त्याहूनही लहान असे शेंकडों विद्युत्संग्राहक असतात. त्यांत सिरॅमिकचा एक पापुद्रा आणि निकलच्या शाईचा एक पापुद्रा असे थरांवर थर असतात. आणि ज्यांच्या घरीं सोनेरी कडेचे कप आहेत, त्यांच्या फडताळांत तर ह्या शाईची पणजीच बसलेली आहे. द्रवरूप सोनें चिनी मातीवर रंगवून भाजण्याची कला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जर्मनींतील मायसेन येथें सिद्ध झाली. ती सोनेरी कड वीज वाहते. म्हणून तसा कप मायक्रोवेव्हच्या भट्टींत ठेवला तर ठिणग्या उडतात. शोभेसाठीं काढलेली रेघ वाहकही आहे हें त्या ठिणग्याच सांगतात.

एवढें समजून घेण्यास आम्हांस तीन आठवडे लागले. मग एका रविवारीं दुपारीं आम्हीं तें सर्व दादांस सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारिलें, “तीन वर्षांनंतर काय?” हा प्रश्न कर्त्या माणसाचाच होता, आणि त्याला गोड उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. नातीनेंच सांगितलें, “पुढें काम मिळेलच अशी हमी नाहीं, आजोबा. पण हें काम येणारीं माणसें थोडीं आहेत.” दादा पुन्हां म्हणाले, “तरी भट्टीच ना शेवटीं?”

तेव्हां वहिनी दारांतून बोलल्या. आम्हीं त्यांस दादांसमोर आवाज चढवितांना कधीं पाहिलें नाहीं, त्या दिवशींही त्यांनीं तो चढविला नाहीं. त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षें ह्या घरांत विस्तवाशीं मी उभी आहें. त्यांत कमीपणा आहे असें मला कोणी म्हणालें नाहीं. उलट अन्नपूर्णा म्हणालें. मग पोरीच्याच विस्तवांत कमीपणा कोठून आला?”

ह्यावर कोणी बोललें नाहीं. आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, हप्त्यांत जी तूट येईल तिचा अर्धा भाग तीन वर्षें आमच्या निवृत्तिवेतनांतून जाईल. दादांनीं हिशेबाची वही काढली, हप्त्याच्या रकान्यांत आमचें नांव व रक्कम लिहिली, आणि नातीकडे पाहून म्हणाले, “तीन वर्षें. चौथें मागूं नकोस.” पहिले चार महिने तिच्या शाईची एकही रेघ धड उमटली नाहीं, कधीं फोड येत, कधीं रेघ चकतीवरून सुटून येई. तें तिनें घरीं लपविलें नाहीं. दादांनींही वेतनाची आठवण काढली नाहीं. हल्लीं रात्रीं तिचा फोन आला म्हणजे ते एवढेंच विचारतात, “आज भट्टींतून काय निघालें?”

आम्हांस राहून राहून वाटतें तें हें. आपल्या सुशिक्षित घरांनीं लेखणीचा मान फार राखिला, आणि तो राखण्यासारखाच होता. परंतु लेखणी हातीं देऊन शाई कोणाकडून येते, दौत कोण घडवितो, कागद कोण करतो, ह्यांची विचारपूस आपण सोडून दिली. संक्रांतीचीं सुगडें कुंभाराकडून येतात; सुगड म्हणजे सुघट, चांगला घडलेला. लग्नांतील मडक्यांची उतरंड आणि अंत्यविधींतील घट हेही त्याच हातचे. ज्याच्या चाकावांचून आपला एकही संस्कार पुरा होत नाहीं, त्याच्या भट्टीचें नांव मात्र आपण हिणवण्यासाठीं घेतों. ह्या नव्या शाईंत कुंभाराची भट्टी, सोनाराचें रुपें, कांसाराचें धातुज्ञान, छापखानेवाल्याची जाळी आणि लेखकाची रेघ हीं सर्व एकत्र आलीं आहेत. ह्यांतील एकाला वगळून दुसऱ्यानें ती करूं म्हटलें तर ती होणार नाहीं.

अक्षर म्हणजे जें क्षर नव्हे, जें झिजत नाहीं. आम्हीं जन्मभर फळ्यावर अक्षरें लिहिलीं आणि प्रत्येक तासाच्या शेवटीं पुसलीं. विद्यार्थ्यांच्या मनांत त्यांतलीं किती राहिलीं तें त्यांचें त्यांस ठाऊक. ह्या मुली जीं अक्षरें लिहिताहेत तीं आगींतून काढून घ्यावीं लागतात, आणि दहा चकत्यांपैकीं नऊ टाकून द्याव्या लागल्या तरी दहावी पुन्हां लिहावी लागते. घरांत एखादी मुलगी किंवा मुलगा असें काम करूं म्हणेल, तर वाचकांनीं पैशाचा प्रश्न अवश्य विचारावा, कारण घर पैशावर चालतें. मानाचा प्रश्न तेवढा विचारूं नये.